जो धावून जातो, त्याच्यासाठी कोण धावणार?

(मंडळाच्या वर्षावास कार्यक्रमात उलवे येथे केलेले भाषण)



मंडळाने आम्हाला ‘व्यसनमुक्ती’ हा विषय दिला. या विषयावर आपल्या वस्त्यांतून भाषणे पुष्कळ होतात. दारू वाईट, संसार उद्ध्वस्त होतो, म्हणून दारू सोडा, असे सांगून वक्ता खाली बसतो आणि श्रोते टाळ्या वाजवतात. ज्याने ऐकावे तो मात्र सभेला आलेलाच नसतो. म्हणून आज आम्ही विषय थोडा अरुंद करून घेत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील कारकून, एवढीच आमची ओळख. पण काउंटरवर बसून माणसे दिसतात. त्यातून जे दिसले आणि जे वाचले ते आपल्यासमोर ठेवतो.

आपला प्रश्न असा आहे. आग लागली, दरड कोसळली, अपघात झाला की सगळे पळतात आणि काही माणसे उलट दिशेने, म्हणजे संकटाकडे धावतात. अग्निशमन दलाचा जवान, पोलीस शिपाई, १०८ रुग्णवाहिकेचा डॉक्टर आणि चालक ही ती माणसे. ती माणसे घरी परतल्यावर त्यांच्या मनाचे काय होते? आणि त्यांच्यातला कोणी बाटलीला लागला तर त्याला केवळ दारुडा म्हणून आपण मोकळे व्हायचे काय?

१४ एप्रिल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बाबासाहेबांची जयंती येते. याच तारखेला देशभर अग्निशमन सेवा दिनही पाळला जातो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके होती. दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि त्यानंतर दुसरा. आग विझवायला गेलेले ६६ जवान त्या दिवशी गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. आम्ही निळे झेंडे लावत असतो त्याच दिवशी अग्निशमन केंद्रांत त्यांना मानवंदना दिली जात असते. जे गेले त्यांची नोंद झाली. परंतु जे वाचले, ज्यांनी सहकाऱ्यांचे देह पाहिले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेले, त्यांच्या मनावर काय कोरले गेले असेल याची नोंद कोण ठेवणार?

हे सारे मुंबईचे आणि जुन्या काळाचे आहे, असे म्हणू नये. आपल्या भोवती पाहा. ३ सप्टेंबर २०१९ रोजी उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात आग लागून चौघे मृत्युमुखी पडले. त्यांपैकी तिघे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या अग्निशमन शाखेचे होते. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे बोरघाटात झांजपथकाची बस दरीत कोसळली आणि १३ जण गेले. ही मुले पुण्याकडचा जयंतीचा कार्यक्रम आटोपून मुंबईला परतत होती. अंधारात दरीत उतरून त्यांना वर काढणाऱ्यांत जवान आणि पोलिसांबरोबर खोपोलीकडचे तरुण स्वयंसेवकही होते. दुसऱ्याच दिवशी खारघरच्या मैदानावर उष्माघाताने माणसे कोसळली आणि १४ जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी १९ जुलैच्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. वर जायला रस्ता नाही, पाऊस थांबत नाही, यंत्र चढू शकत नाही. माणसांनी फावड्या-कुदळींनी चिखल उपसला. २७ देह सापडले आणि ५७ माणसे बेपत्ता म्हणून शोध थांबवावा लागला. मदतीला निघालेल्या नवी मुंबई अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा ती चढण चढतानाच हृदयविकाराने अंत झाला.

शोध थांबवला, हे दोन शब्द बातमीत वाचायला सोपे असतात. पायाखाली अजून माणसे आहेत हे माहीत असताना जो जवान फावडे खांद्यावर टाकून खाली उतरला, त्याच्या मनात शोध थांबला असेल काय?

आपल्या उलव्याच्या दाराशी आता विमानतळ आला आहे. अटल सेतू २०२४ च्या जानेवारीत सुरू झाला. एका बाजूला बंदर आहे आणि तेलाच्या टाक्या आहेत, दुसऱ्या बाजूला द्रुतगती मार्ग. म्हणजे या भागात धावून जाणाऱ्या माणसांची गरज वाढणार आहे. आपल्या इमारतींतली मुले या नोकऱ्यांच्या परीक्षा देत आहेत आणि भरती झाली की आपण पेढे वाटतो. म्हणून हा प्रश्न आपल्या घरचा आहे.

आणखी एका वर्गाचा उल्लेख केल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येत नाही. धावून जाणाऱ्याच्या डोक्यावर नेहमी हेल्मेट असतेच असे नाही. रुळावरचा छिन्नविच्छिन्न देह उचलणारा हमाल, शवविच्छेदनगृहातला कर्मचारी, शववाहिकेचा चालक, पाण्यातून प्रेत काढणारा माणूस, हेही त्याच रांगेतले आहेत. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर वर्षाला दोन हजारांवर माणसे मरतात. त्यांना उचलणारे हात कोणाचे असतात? ही कामे पिढ्यान् पिढ्या कोणत्या समाजाच्या वाट्याला आली हे आपल्याला सांगायला नको. शहीद स्मारकावर या माणसांचे नाव येत नाही. उलट ‘पोस्टमार्टेमची माणसे प्यायल्याशिवाय आत जात नाहीत’ असे आपण हसत बोलून जातो. त्या हसण्यात एक मोठे दुःख दडले आहे.

आमच्या ओळखीतले एक गृहस्थ होते. रुळांवरचे देह उचलण्याचे काम त्यांनी वीस वर्षे केले. आमच्या खिडकीवर ते पगाराच्या दिवशी येत. पुढे पुढे त्यांची पत्नी सोबत येऊ लागली. पासबुक बोलते, बंधूंनो. आधी रात्री-अपरात्री काढलेल्या शंभर-दोनशेच्या रकमा दिसतात. मग पतपेढीचा हप्ता, मग वैयक्तिक कर्ज, आणि शेवटी बाई गळ्यातले सोने तारण ठेवायला येते. एकदा ते आम्हाला म्हणाले, “साहेब, वास जात नाही. दोनदा आंघोळ करतो, तरी जात नाही. दोन पेग घेतले की जातो.” घरच्यांनी त्यांना एका केंद्रात ठेवले. महिनाभराने ते स्वच्छ होऊन आले. चेहऱ्यावर तेज होते, सगळ्यांना आनंद झाला. कामावर रुजू झाले तर तेच काम आणि तोच वास. तीन आठवड्यांत बाटली परत आली. लोक म्हणाले, याची लायकीच नाही.

लायकीचा प्रश्न नव्हता. त्यांची दारू सोडवली गेली, पण ज्या जखमेवर ते ती दारू ओतत होते त्या जखमेकडे कोणी पाहिलेच नव्हते.

या जखमेला वैद्यकशास्त्रात नाव आहे. इंग्रजीत तिला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मनोविकार. अमेरिकेतील मानसोपचार तज्ज्ञांच्या ग्रंथात हे नाव १९८० साली अधिकृतपणे आले. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांमुळे त्याची विशेष दखल घेतली गेली. भयंकर प्रसंगानंतर झोप उडणे आणि दचकणे हे कोणालाही होते. बहुतेकांचे ते काही आठवड्यांत ओसरते. पण महिना उलटला तरी तेच दृश्य न बोलावता डोळ्यांसमोर येते, त्याच प्रसंगाची स्वप्ने पडतात, त्या रस्त्याने जाणे माणूस टाळतो, हसणे-रडणे दोन्ही बंद होते, कुकरच्या शिट्टीने तो उडून उभा राहतो, क्षुल्लक कारणावरून पोरांवर हात टाकतो. तेव्हा तो आजार असतो. प्रसंग संपला हे शरीराला कळलेलेच नसते. धोक्याची घंटा आत वाजतच राहते.

अशा माणसाला दारू का लागते, हे समजून घ्यावे. पहिल्या काही दिवसांत दारू खरोखर ती घंटा मंद करते आणि डोळा लागतो. पण दारूची झोप अर्ध्या रात्रीनंतर मोडते. स्वप्नांची झोप तिने दाबून ठेवलेली असते. अंमल उतरला की तीच स्वप्ने दुप्पट जोराने येतात. सकाळी अंग थरथरते, मन अधिक घाबरे होते, म्हणून पुन्हा घोट घ्यावा लागतो. असे हे चक्र आहे. दारू हे त्याने स्वतःच स्वतःला दिलेले चुकीचे औषध आहे.

आता उपचारांकडे येऊ. पूर्वी बहुतेक ठिकाणी पद्धत अशी होती की आधी दारू सोडा, वर्षभर टिकून दाखवा, मग मनाचे पाहू. आता जाणकार असे सांगतात की दोन्हींचा उपचार हातात हात घालून झाला पाहिजे. एकावर उपचार करून दुसरे तसेच ठेवले की माणूस घसरण्याचा धोका राहतो.

पहिला टप्पा शरीराचा. येथे एक सावधगिरीची सूचना आम्ही कळकळीने करतो. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून एका दिवसात दारू बंद करू नका. शेवटच्या घोटानंतर काही तासांत कंप सुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. हा काळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली गेला पाहिजे. तेथे औषधे मिळतात, ‘बी-१’ जीवनसत्त्व दिले जाते आणि आठवड्या-दीड आठवड्यात शरीर सावरते. तसेच रेल्वेच्या डब्यात ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशी चिकटवलेली पत्रके आपण पाहतो. चहात गुपचूप गोळी घालणे हा उपाय नव्हे. डायसल्फिरामसारखी गोळी पोटात असताना माणूस प्याला तर रक्तदाब कोसळून प्राण जाऊ शकतो. ती गोळी रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायची असते.

दुसरा टप्पा सवयीचा. याबाबतीत महाराष्ट्र भाग्यवान आहे. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाले. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर केलेले लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक मदत देऊ केली आणि डॉ. अनिता अवचट यांनी ते केंद्र उभे केले. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केले. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा गावोगाव होतात. तेथे पैसे लागत नाहीत आणि आडनाव कोणी विचारत नाही. पत्नी आणि कुटुंबीयांसाठी अल्-अनॉनच्या वेगळ्या सभा असतात. या सर्वांचे मर्म एकच आहे. जो त्यातून गेला आहे तोच दुसऱ्याला धीर देतो.

तिसरा टप्पा जखमेचा, आणि हाच आपल्याकडे राहून जातो. त्यासाठी प्रशिक्षित मानसोपचार तज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ लागतो. ज्या आठवणीपासून माणूस पळतो, तिच्याकडे सुरक्षित जागी, थोडे थोडे, हाताला धरून परत नेण्याची एक पद्धत आहे. आणखी एका पद्धतीत आठवण मनात आणून डोळ्यांच्या लयबद्ध हालचालींची मदत घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली या दोन्ही धर्तीच्या उपचारांची शिफारस केली. साधारणपणे आठवड्याला एक अशा दहा-पंधरा बैठका लागतात. काहींना औषधेही द्यावी लागतात. आठवण पुसली जात नाही. पण ती आज घडत नसून काल घडून गेली, हे शरीराला पटू लागते. झोपेच्या गोळ्या दुकानातून आणून खाणे मात्र या आजारावरचा इलाज नव्हे. त्यांचे वेगळे व्यसन लागते.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दुर्घटनेनंतर लगेच सर्वांना एका खोलीत बसवून काय पाहिले ते बोलायला लावायचे, ही पद्धत १९८० नंतर अमेरिकेत रूढ झाली. हेतू चांगला होता. परंतु अशा सक्तीच्या एका बैठकीने पुढचा आजार टळत नाही, असे नंतरच्या अभ्यासांतून दिसले. म्हणून आता आधी विश्रांती, जेवण, घरच्यांशी बोलणे, ‘आम्ही आहोत’ हा विश्वास आणि पुढे काही आठवडे लक्ष ठेवणे, यावर भर असतो. जो बोलू इच्छितो त्याचे ऐकावे, जो गप्प आहे त्याला उकरू नये.

जगात याची व्यवस्था कशी लागली तेही पाहा. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले. त्यानंतर त्या दलाने आपला समुपदेशन विभाग वाढवला. समुपदेशकांबरोबर जुने जवानही केंद्राकेंद्रांत जाऊन बसू लागले, कारण जवानाचे जवानच ऐकतो. २०१७ साली तेथील अग्निशामकांच्या कामगार संघटनेच्या पुढाकाराने मेरीलँड राज्यात केवळ अग्निशामकांसाठी निवासी केंद्र सुरू झाले. व्यसन आणि मनाचा आघात, दोहोंवर तेथे एकाच छताखाली उपचार होतात. ही मागणी कामगार संघटनेने केली, हे आपण ध्यानात घ्यावे. आपल्याकडील संघटना वेतन आणि बढतीसाठी भांडतात, ते योग्यच आहे. त्यांच्या मागणीपत्रात हे एक कलम का असू नये?

कामाच्या तासांचाही येथे संबंध येतो. थकलेले मन लवकर मोडते. कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक १९४६ साली मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेबांनी मांडले होते. पोलिसांना आठ तासांची पाळी देण्याचा प्रयोग मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ साली झाला, आणि त्याची कल्पना एका शिपायानेच मांडली होती. अंगावर गणवेश आहे म्हणून माणसाला झोप लागत नाही असे थोडेच आहे?

आता आपल्या धम्माचा प्रश्न. आपण पंचशील घेतो. पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. २२ प्रतिज्ञांतही ती प्रतिज्ञा आहे. म्हणून आपल्या घरात कोणी प्यायले की तो दुहेरी गुन्हेगार ठरतो. त्याला वंदनेला बसू देत नाहीत आणि मंगल कार्यात टाळतात. आमचे नम्र म्हणणे असे आहे की शील ही स्वतःच्या पायांनी चालायची वाट आहे, दुसऱ्याच्या पाठीत घालायची काठी नव्हे. वैद्य आधी जखम पाहतो, मग पथ्य सांगतो. कोणी म्हणेल, त्याला विपश्यनेला पाठवा. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून शिबिरे होत आहेत, अनेकांना त्याचा लाभ झाला आहे. परंतु गंभीर मनोविकार असलेल्याने शिबिराला येऊ नये, असे तेथील नियमच सांगतात. दारू सोडून चार दिवस झालेल्या, डोळे मिटले की प्रेते दिसणाऱ्या माणसाला दहा दिवस मौनात बसवणे धोक्याचे आहे. आधी डॉक्टर, मग त्यांच्या सल्ल्याने साधना, असा क्रम ठेवावा.

नोकरी जाईल या भीतीने माणसे उपचाराला जात नाहीत. त्यांना सांगावे की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारात केला आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही त्याच कायद्याने दिला आहे. विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारासाठीही विम्याची तरतूद करावी, असे त्यात म्हटले आहे.

मंडळाने काय करावे? आमच्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी सांगतो. पहिली, आपल्या वस्तीत या नोकऱ्यांत कोण कोण आहेत याची जाण ठेवावी आणि मोठी दुर्घटना झाली की त्यांच्या घरी दोघांनी जाऊन यावे. प्रश्न विचारू नयेत, जेवणाचा डबा न्यावा. दुसरी, फलकावर दोन क्रमांक कायम लिहून ठेवावेत. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६, दोन्ही विनाशुल्क आहेत. तिसरी, आपल्या सभागृहात आठवड्यातून एक संध्याकाळ व्यसनमुक्तांच्या सभेला विनामूल्य द्यावी. चौथी, येत्या १४ एप्रिलला मिरवणुकीपूर्वी त्या ६६ जवानांना दोन मिनिटे उभे राहून मानवंदना द्यावी, आणि ज्यांची नावे कोणत्याच दगडावर नाहीत त्या प्रेते उचलणाऱ्या हातांनाही द्यावी. त्या दिवशी त्यांच्या बायका-पोरांना पहिल्या रांगेत बसवावे.

मघाच्या गृहस्थांचे पुढे काय झाले, असे आपल्या मनात असेल. एका सरकारी रुग्णालयातील मानसोपचार तज्ज्ञांनी त्यांना दारूबद्दल विचारण्याआधी वासाबद्दल विचारले. वीस वर्षांत तो प्रश्न प्रथमच कोणी विचारला होता. उपचार लांबले, मध्ये दोन वेळा ते घसरले, वरिष्ठांच्या हातापाया पडून काम बदलून घ्यावे लागले. अजून त्यांना कधी कधी रात्री जाग येते. पण पत्नीने सोने सोडवून नेले, ते आमच्याच खिडकीवरून. पावतीवर सही करताना त्यांचा हात थरथरत नव्हता.

म्हणून विनंती एवढीच की, उद्या आपल्या जिन्यात कोणी झोकांड्या खात चढताना दिसला, तर तो किती प्याला हे विचारण्याआधी त्याने काय पाहिले हे विचारणारा एक तरी माणूस प्रत्येक इमारतीत असावा.

 जयभीम. नमो बुद्धाय.